मिशन रविवार अभ्यासलेख : पॅरिसचे परदेशी मिशन आणि मातीतले धर्मगुरू



ऑक्टोबर महिन्यातील शेवटून दुसरा रविवार आपण मिशन रविवार म्हणून पाळतो. त्या दिवशी मिस्सामध्ये वेगळी दानपेटी फिरते, मुले वर्षभर जमवलेले डबे वेदीजवळ आणून ठेवतात आणि प्रवचनात दूरदेशी गेलेल्या मिशनऱ्यांची आठवण होते. पण हे मिशनरी कोण होते, त्यांना कोणी पाठवले, त्यांच्या हातून काय घडले आणि काय बिघडले, हे आपण क्वचितच सविस्तर वाचतो. म्हणून या वेळी आम्ही एकच संस्था निवडली आहे : 'पॅरिसचे परदेशी मिशन'. ही संस्था केवळ आशिया खंडाकडे पाहून जन्माला आली. साडेतीनशे वर्षांत तिने ४,२०० हून अधिक धर्मगुरू फ्रान्सबाहेर पाठवले. त्यातील बहुतेक जण पुन्हा घरी परतले नाहीत.

सुरुवात मात्र आम्ही पॅरिसपासून करणार नाही. ती नागासाकीपासून करू, कारण तिथे आपल्यातला एक जण आहे.

जपानमधील नागासाकी शहरात ओउरा नावाच्या टेकडीवर एक चर्च उभे आहे. फादर बेर्नार पेतीझाँ आणि त्यांचे सहकारी फादर फ्यूरे यांनी ते बांधले. दोघेही पॅरिस मिशनचे. चर्चचे काम १८६४ च्या अखेरीस पुरे झाले. ते अर्पण केले आहे जपानच्या सव्वीस रक्तसाक्षींना, ज्यांना ५ फेब्रुवारी १५९७ रोजी त्याच शहरातील निशिझाका टेकडीवर क्रुसावर चढवण्यात आले आणि १८६२ साली संतपद देण्यात आले. त्या सव्वीस जणांत वसईचे संत गोन्सालो गार्सिया आहेत.

जपानी माणसाला ख्रिस्ती होण्यास तेव्हा बंदीच होती. चर्च परदेशी व्यापाऱ्यांसाठी म्हणून उभे राहिले होते. १७ मार्च १८६५, शुक्रवारची दुपार. चर्चच्या दाराशी दहा-पंधरा गावकरी येऊन उभे राहिले. फादर पेतीझाँ यांनी दार उघडले आणि ते वेदीपुढे गुडघे टेकून प्रार्थना करू लागले. तेवढ्यात एक स्त्री जवळ आली आणि छातीवर हात ठेवून हळूच म्हणाली की इथे आलेल्या आम्हा सर्वांचे अंतःकरण तुमच्यासारखेच आहे. मग तिने विचारले, सांता मारियाची मूर्ती कुठे आहे?

ही माणसे उराकामी या जवळच्या गावची होती. जपानमधील शेवटचा धर्मगुरू १६४४ साली मारला गेला होता. म्हणजे सव्वादोनशे वर्षे या लोकांनी ना मिस्सा पाहिली होती ना धर्मगुरू. तरी बाळांचा स्नानसंस्कार गावातलाच एक जण करीत आला होता, प्रार्थना तोंडपाठ होत्या, आणि उपवासकाळ चालू आहे हेही त्यांना ठाऊक होते! खऱ्या धर्मगुरूची खूण वाडवडिलांनी सांगून ठेवली होती : तो अविवाहित असेल, रोमच्या पोपना मानील आणि मरियामातेचा सन्मान करील. त्या तिन्ही खुणा त्यांनी एकेक करून ताडून पाहिल्या.

ही गोष्ट आपण आनंदाने सांगतो, आणि सांगावीच. पण तिच्या पोटात एक दुःखही आहे. या लोकांकडे श्रद्धा होती, प्रार्थना होती, स्नानसंस्कार होता. नव्हते ते त्यांच्यातून घडलेले पुरेसे धर्मगुरू. सतराव्या शतकात छळ सुरू झाला तेव्हा जपानी धर्मगुरू बोटांवर मोजण्याइतके होते. परदेशी फादर लगेच ओळखू येत. ते हद्दपार झाले किंवा मारले गेले. त्यांच्यामागून थोडे जपानी फादरही गेले, आणि वेदी रिकामी झाली.

पेतीझाँ ज्या संस्थेतून आले होते, ती नेमक्या याच उणिवेवर उपाय म्हणून दोनशे वर्षांपूर्वी निघाली होती.

रोमची अडचण

पद्रुआदो हा शब्द आपल्या जुन्या माणसांना परका नाही. पोर्तुगालच्या राजाला ख्रिस्तसभेने दिलेला हा अधिकार. पूर्वेकडे बिशप कोण व्हावा, मिशनरी कोणत्या जहाजाने जावा, चर्च कुठे बांधावे, हे लिस्बनमध्ये ठरे. त्या बदल्यात राजा खर्च उचलत असे. वसई-साष्टीपासून मकावपर्यंतची चर्चे या व्यवस्थेतून उभी राहिली, हे आपण विसरू नये. पण तिच्यात एक गाठ होती. सुवार्ता आणि सत्ता एकाच जहाजातून उतरत असल्याने लोकांना दोन्ही एकच वाटू लागली.

रोमला हे खटकत होते. १६२२ साली पोप ग्रेगरी पंधरावे यांनी श्रद्धाप्रसारासाठी एक स्वतंत्र खाते स्थापन केले. त्याच खात्याने गोव्यातील दिवाडी बेटाचे फादर मातेउस द कास्त्रो यांना १६३७ साली बिशप केले. गोव्यात त्यांना गुरुदीक्षा नाकारली गेली होती, म्हणून ते थेट रोमला गेले होते. एक हिंदी माणूस बिशप होतो आणि विजापूरच्या मुलखासाठी नेमला जातो, हे गोव्याच्या अधिकाऱ्यांना पचले नाही. पुढची कित्येक वर्षे तो वाद धुमसत राहिला. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

त्याच काळात येशूसंघाचे फादर अलेक्झांडर द रोड आजच्या व्हिएतनाममध्ये काम करीत होते. त्यांच्या डोळ्यांदेखत १६४४ साली फू-येनचा अँड्र्यू हा विशीच्या आतला धर्मशिक्षक ठार मारला गेला. (पोप जॉन पॉल दुसरे यांनी मार्च २००० मध्ये त्याला धन्यवादित घोषित केले.) फादर रोड यांना देशाबाहेर काढण्यात आले. १६४९ साली ते रोमला पोहोचले ते एकच मागणी घेऊन : पूर्वेत बिशप पाठवा, जे तिथल्या माणसांना गुरुदीक्षा देतील. त्यांचा हिशेब साधा होता. छळ होणारच. त्या वेळी गोरा माणूस लपू शकत नाही. गावातला फादर गावातच मिसळून जातो.

फ्रान्समध्ये त्यांचे म्हणणे काही तरुण धर्मगुरूंच्या मनाला भिडले. १६५८ साली पोप अलेक्झांडर सातवे यांनी त्यांतील दोघांना बिशप नेमले. तूर शहराचे फ्रान्स्वा पालू आणि लिझ्यूजवळचे, पूर्वी न्यायाधीश असलेले पिएर लांबेर द ला मोत. पुढे इन्यास कोतोलांदी हे तिसरे. पद्रुआदोशी थेट भांडण नको म्हणून रोमने एक युक्ती केली. त्यांना पूर्वेतील कोणत्याही धर्मप्रांताचे नव्हे, तर पोपचे प्रतिनिधी म्हणून पाठवले. पदवी जुन्या, नावापुरत्या उरलेल्या धर्मप्रांताची. पॅरिसमध्ये रू द्यू बाक या रस्त्यावर १६६३ साली त्यांच्यासाठी गुरुविद्यालय सुरू झाले.

येथे एक खुलासा करावासा वाटतो. हा येशूसंघ किंवा फ्रान्सिस्कन यांच्यासारखा व्रतस्थांचा संघ नव्हे. आपल्या धर्मग्रामातील फादरांसारखेच हे धर्मप्रांतीय धर्मगुरू, फक्त आयुष्यभरासाठी आशियात जाण्याचे वचन दिलेले.

१६५९ ची सूचनापत्रिका

निघण्यापूर्वी रोमने या बिशपांच्या हाती काही लेखी सूचना दिल्या. आम्हाला या सर्व इतिहासात सर्वांत मोलाची वाटते ती ही पत्रिका. पहिले काम म्हणून तिने सांगितले ते चर्च बांधण्याचे नव्हे, तर स्थानिक तरुणांना धर्मगुरू म्हणून घडवण्याचे, आणि त्यांतून पुढे बिशपही. राजकारणापासून आणि व्यापारापासून दूर राहा, असे बजावले. आणि लोकांचे रीतिरिवाज, जोवर ते श्रद्धेच्या व नीतीच्या उघड विरोधात नाहीत, तोवर बदलू नका. युरोपातले देश उचलून चीनमध्ये नेऊन ठेवणे हा वेडेपणा आहे, न्यायची ती श्रद्धा, असा त्यातील आशय.

आपल्यापैकी अनेकांना शेजारीपाजारी कधी ना कधी विचारतात : तुमचा धर्म परदेशी ना? आपली आडनावे ऐकली की प्रश्न अधिकच सहज येतो. पद्रुआदोच्या काळात स्नानसंस्काराबरोबर पोर्तुगीज नावही मिळाले, आणि ते राहिले. बोली, लुगडे, लग्नातली गाणी मात्र आपल्या आज्यांनी सोडली नाहीत. १६५९ च्या त्या कागदाला हेच हवे होते.

सुरतेहून सयामला

पोर्तुगीज या बिशपांना आपल्या जहाजावर घेणार नव्हते. डच आणि इंग्रज कॅथलिक मिशनऱ्यांना नेत नव्हते. उरला खुष्कीचा मार्ग. बिशप लांबेर नोव्हेंबर १६६० मध्ये मार्सेय बंदरातून निघाले. अलेप्पो, बगदाद, इस्फहान, मग जहाजाने सुरत. सुरतेहून संपूर्ण दख्खन ओलांडून पूर्व किनाऱ्यावर मछलीपट्टण, आणि तेथून समुद्रमार्गे सयाम, म्हणजे आजचे थायलंड. ऑगस्ट १६६२ मध्ये ते तिथल्या अयुथ्या या राजधानीत पोहोचले. त्याच महिन्यात त्यांच्यामागून येणारे बिशप कोतोलांदी मछलीपट्टणजवळ वारले. वय अवघे बत्तीसच्या आसपास. वाटेत असे अनेक जण गेले.

बिशप पालू अयुथ्येला पोहोचले ते जानेवारी १६६४ च्या अखेरीस. त्याच महिन्याच्या आरंभी शिवाजी महाराजांची सुरतेवर पहिली स्वारी झाली होती. आपल्या शाळेतल्या इतिहासातली सुरत आणि या मिशनऱ्यांची सुरत एकच आहे, हे लक्षात आले की गोष्ट जवळची वाटू लागते.

टाँकिन आणि कोचिनचीन येथे, म्हणजे व्हिएतनामच्या उत्तर व दक्षिण भागात, छळ चालू होता. त्यामुळे दोघे बिशप सयाममध्येच थांबले. राजा नाराय याने जागा दिली आणि १६६५-६६ च्या सुमारास तिथे गुरुविद्यालय निघाले. १६६८ साली बिशप लांबेर यांनी व्हिएतनामच्या चार धर्मशिक्षकांना गुरुदीक्षा दिली. ही कोवळी मुले नव्हती. वर्षानुवर्षे धर्मगुरूंविना गावे सांभाळलेली माणसे होती. पुढे लांबेर स्वतः टाँकिनला गेले आणि १६७० साली तिथे त्यांनी 'क्रुसाच्या प्रेमिका' हा धर्मभगिनींचा संघ स्थापन केला. व्हिएतनाममध्ये तो आजही आहे.

पद्रुआदोवाले गप्प बसले नाहीत. पॅरिसच्या एका फादरांना कंबोडियातून पकडून मकावला आणि तिथून गोव्याच्या इन्क्विझिशनपुढे नेण्यात आले. कॅथलिकांनी कॅथलिकांना दिलेला हा त्रास वाचताना मन खिन्न होते, पण तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

बिशप पालू यांची कथा तर विलक्षण. टाँकिनला निघाले असता १६७४ साली वादळाने त्यांचे जहाज फिलिपिन्सला ढकलले. स्पॅनिश अधिकाऱ्यांनी त्यांना हेर समजून अटक केली आणि मेक्सिकोमार्गे स्पेनला पाठवले. इच्छा नसताना त्यांनी पृथ्वीप्रदक्षिणा केली! सुटल्यावर ते पुन्हा निघाले. १६८४ साली चीनच्या फूच्येन प्रांतात पोहोचले आणि त्याच वर्षी वारले. ज्या टाँकिनसाठी नेमणूक झाली होती तिथे त्यांचे पाऊल कधीच पडले नाही.

गुरुविद्यालयाचे भाग्यही तसेच भटके. १७६७ साली ब्रह्मदेशाच्या सैन्याने अयुथ्या उद्ध्वस्त केली. मुले आणि शिक्षक कंबोडियाच्या सीमेकडे गेले, तिथूनही पळावे लागले, आणि १७७० च्या सुमारास आपल्या देशात, पुदुच्चेरीजवळच्या विरामपट्टिणम या किनाऱ्यावरच्या गावात आले. १८०८ पासून ते मलेशियातील पिनांग बेटावर आहे. पुढे रक्तसाक्षी झालेले काही व्हिएतनामी संत तिथेच शिकले.

जिथे शब्द मोडला

एवढे वाचून हा सारा विजयाचा इतिहास वाटेल. तसा तो नाही.

रीतिरिवाज बदलू नका, अशी आज्ञा घेऊन निघालेल्या याच संस्थेचे चीनमधील एक प्रमुख, शार्ल मेग्रो, यांनी १६९३ साली पूर्वजांना मान देण्याच्या चिनी विधींवर बंदी घातली. येशूसंघाचे फादर त्या विधींना कौटुंबिक आदर मानत होते. मेग्रो त्यांना मूर्तिपूजा मानत. १७०६ साली सम्राट खांगशीने त्यांना बोलावून चिनी अक्षरे वाचायला सांगितली, तेव्हा त्यांची फजिती झाली. तरी रोमने बंदीच्या बाजूने निकाल दिला, आणि तो १९३९ पर्यंत टिकला. घरातल्या आजोबांच्या तसबिरीला हार घालताना आपल्याला पाप वाटत नाही. चिनी ख्रिस्ती माणसाला दोनशे वर्षांहून अधिक काळ ते वाटावे लागले.

राजकारणापासून दूर राहण्याचेही तेच झाले. १८५६ साली चीनमध्ये फादर ओग्यूस्त शाप्देलेन यांना छळून मारले, आणि फ्रान्सने तेच निमित्त करून अफूच्या दुसऱ्या युद्धात उडी घेतली. १८५८ साली फ्रेंच आरमार व्हिएतनामवर आले तेही मिशनऱ्यांच्या छळाचे कारण सांगत, आणि पॅरिस मिशनच्या एका बिशपांनी सम्राट नेपोलियन तिसरा याला तशी विनंती केली होती. जे संत श्रद्धेसाठी मेले, त्यांच्या रक्ताचा उपयोग तोफांना वाट दाखवण्यासाठी झाला. पण याचा दोष मेलेल्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल.

कारण मेलेले खरेच वेगळे होते. कोरियाचे उदाहरण घ्या. तिथली ख्रिस्तसभा कोणा मिशनऱ्याने सुरू केली नाही. पुस्तके वाचून कोरियन विद्वानांनीच १७८४ साली ती सुरू केली. पॅरिस मिशनचे फादर मोबां १८३६ साली चोरून आत शिरले आणि त्याच वर्षी त्यांनी तीन मुलांना शिक्षणासाठी मकावला रवाना केले. १८३९ साली छळ पेटला तेव्हा बिशप इंबेर यांनी स्वतःला हवाली केले आणि लोकांचे हाल थांबावेत म्हणून मोबां व शास्तां या दोन्ही फादरांना शरण येण्यास कळवले. २१ सप्टेंबर रोजी तिघांचा शिरच्छेद झाला. देशात एकही धर्मगुरू उरला नाही. पण मकावला पाठवलेली मुले होती. त्यांतील अँड्र्यू किम यांना १८४५ साली गुरुदीक्षा मिळाली. पहिले कोरियन धर्मगुरू. पुढल्याच वर्षी, पंचविसाव्या वर्षी, त्यांचाही शिरच्छेद झाला. दुसरे, थॉमस छ्वे, बारा वर्षे डोंगरातल्या लपलेल्या वस्त्या पायी फिरले आणि १८६१ साली थकून वारले. तिसरा मुलगा मकावलाच आजाराने गेला होता. १९८४ साली सोल येथे १०३ कोरियन रक्तसाक्षींना संतपद मिळाले. त्यांत ९३ कोरियन आणि १० पॅरिस मिशनचे.

फादर थेओफान वेनार यांचे नाव आपल्याकडे फारसे ऐकू येत नाही, पण छोट्या संत तेरेजामुळे ते परके नाहीत. टाँकिनमध्ये त्यांना बांबूच्या पिंजऱ्यात कोंडून ठेवले होते. तिथून त्यांनी घरच्यांना लिहिलेली पत्रे फ्रान्सभर वाचली गेली. २ फेब्रुवारी १८६१ रोजी हानोईत त्यांचा शिरच्छेद झाला, वय एकतीस. तेरेजा आजारी असताना त्यांचे चित्र तिच्या बिछान्याजवळ होते. स्वतः हानोईच्या कार्मेल मठात जाण्याची तिची इच्छा होती. तब्येतीमुळे राहून गेले. पॅरिस मिशनच्याच चीनला निघालेल्या एका तरुण फादरांना ती पत्रे लिहीत असे. लिझ्यूच्या मठाबाहेर मिशनकार्यासाठी न गेलेली तेरेजा मिशनची आश्रयदाती कशी, या प्रश्नाचे बरेचसे उत्तर या पत्रांत आहे.

आणि आपली दानपेटी? तीही येथूनच निघाली. लिऑन शहरातील पोलिन जारिको या तरुणीला तिच्या गुरुविद्यार्थी भावाकडून पॅरिस मिशनच्या ओढाताणीची हकिगत कळली. तिने रेशीम कामगार बायांचे दहा-दहांचे गट केले. प्रत्येकीने आठवड्याला एक सू, म्हणजे अगदी किरकोळ नाणे, द्यायचे आणि रोज एक प्रार्थना म्हणायची. यातून १८२२ साली श्रद्धाप्रसार संस्था उभी राहिली. १९२२ साली ती पोप महोदयांच्या छत्राखाली आली आणि १९२६ साली मिशन रविवार सुरू झाला. पोलिनला मे २०२२ मध्ये धन्यवादित घोषित करण्यात आले. तिच्या संस्थेला श्रीमंतांच्या थैल्यांनी उभे केले नाही, हे डबा वाजवून पाहणाऱ्या आपल्या मुलांना जरूर सांगावे.

पुन्हा नागासाकी

उराकामीच्या लोकांचे पुढे काय झाले? ते उघडपणे चर्चमध्ये येऊ लागले आणि सरकारने त्यांना धरले. तीन हजारांहून अधिक जणांना घरेदारे सोडून देशभर हद्दपार केले. त्यांतील सहाशेहून अधिक मेले. १८७३ साली बंदी उठली तेव्हा उरलेले परतले. पेतीझाँ तोवर बिशप झाले होते. १८८२ साली त्यांनी तीन जपानी तरुणांना गुरुदीक्षा दिली. १८८४ साली ते वारले आणि ओउराच्या त्याच चर्चमध्ये त्यांना पुरले. १९२७ साली नागासाकीला पहिले जपानी बिशप मिळाले, हायासाका. पॅरिस मिशनने ते धर्मप्रांत त्यांच्या हाती सोपवले. व्हिएतनामला पहिला स्वकीय बिशप मिळायला १९३३ उजाडले. १६५९ च्या सूचनेनंतर पावणेतीनशे वर्षे! एवढा उशीर का, याला छळ हे एक उत्तर आहे. 'ही माणसे अजून तयार नाहीत' असे सांगत राहणारी युरोपीय मने हे दुसरे. आमच्या मते दुसरे अधिक जड आहे.

आता वारे उलट वाहते आहे. कोरियाने १९७५ साली स्वतःची परदेशी मिशन संस्था काढली. आपल्या जवळ, गोव्यातील पिलार संस्था १८८७ साली आगोंद येथे सुरू झाली होती. फ्रान्समधील गुरुविद्यालये मात्र ओस पडत चालली आहेत, आणि रू द्यू बाकवरच्या त्या जुन्या घरात आज आशियातून शिकायला आलेले धर्मगुरू राहतात.

पॅरिसच्या यात्रेला जाणारे आपले लोक चमत्कारिक पदकाच्या मरियामातेच्या चॅपेलला हमखास जातात. ते १४० क्रमांकाचे घर. त्याच रस्त्यावर काही दारे अलीकडे, १२८ क्रमांकाला, परदेशी मिशनचे घर आहे. आत रक्तसाक्षींचे दालन आहे. तिथे संत पिएर बोरी यांच्या गळ्यात व्हिएतनामच्या तुरुंगात अडकवलेले लाकडी जोखड ठेवलेले आहे. माणसाच्या उंचीइतके ते लांब आहे.